एम.एस्सी. झालेल्या शिक्षकाने एपी केमिस्ट्रीच्या समर वर्कशॉपला जावं का?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेतल्या एका हायस्कूलमध्ये चार वर्षं साधी केमिस्ट्री शिकवतोय. पुढच्या वर्षापासून एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवायची कॉलेजच्या तोडीची) केमिस्ट्री माझ्याकडे आली आहे. डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) उन्हाळ्यात चार दिवसांच्या वर्कशॉपला पाठवायला तयार आहे. माझं एम.एस्सी. झालंय, विषय पक्का आहे. तिथे नवीन काय मिळणार? की सुट्टी फुकट जाणार?"

माझंही एम.एस्सी. झालेलं होतं. शिवाय शाळेत येण्याआधी सहा वर्षं एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काढली होती, त्यामुळे माझा ताठा तुमच्यापेक्षा जरा जास्तच असणार. समर इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे याच वर्कशॉपच्या, पहिल्याच दुपारी तो उतरला, आणि तोही सोडियम-मॅग्नेशियमवर.

जेवणानंतर आमच्या कन्सल्टंट (सत्र घेणाऱ्या) बाईंनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि फळ्यावर दोन आकडे लिहिले. सोडियमची पहिली आयनीकरण ऊर्जा ४९६ किलोज्यूल प्रति मोल, मॅग्नेशियमची ७३८. हा फरक का, ते अणुरचनेच्या आधारे सांगा. वेळ तीन मिनिटं. मी एका मिनिटात लिहून पेन खाली ठेवलं: मॅग्नेशियमची ३एस उपकक्षा पूर्ण भरलेली असते, पूर्ण भरलेली उपकक्षा जास्त स्थिर, म्हणून तिच्यातला इलेक्ट्रॉन काढायला जास्त ऊर्जा लागते. मग कागद शेजाऱ्याला द्यायचे आणि रुब्रिक (गुण कशाला द्यायचे त्याचे निकष) हातात घेऊन एकमेकांचे तपासायचे, असा हुकूम झाला. माझ्या शेजारी वीस वर्षं शिकवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी माझं उत्तर वाचलं, रुब्रिक पाहिलं, पुन्हा उत्तर वाचलं आणि "सॉरी हं" म्हणत शून्य लिहिलं.

मी वाद घातला. अर्थातच घातला. पण रुब्रिकमध्ये जे हवं होतं त्यातलं माझ्या कागदावर काहीच नव्हतं. दोन्ही अणूंचा जाणारा इलेक्ट्रॉन ३एसमधलाच, आतले झाकणारे इलेक्ट्रॉन दोन्हीकडे दहाच, पण केंद्रकात एकीकडे ११ प्रोटॉन आणि दुसरीकडे १२. ओढ जास्त, म्हणून सोडवायला ऊर्जा जास्त. म्हणजे कूलॉम्बचा नियम, शब्दांत. "पूर्ण भरलेली म्हणून स्थिर" हे कारण होतच नाही. आपण जे पाहतो त्यालाच दिलेलं ते एक गोंडस नाव आहे. मी ते बारावीपासून लिहीत आले होते, त्यावर मार्कही मिळाले होते, आणि गेली तीन वर्षं माझ्या वर्गातल्या मुलांना तेच शिकवत होते.

तेव्हा जा, असं माझं उत्तर. केमिस्ट्री शिकायला मिळेल म्हणून नव्हे. तुम्हाला येणारी केमिस्ट्री १६-१७ वर्षांचं पोर कागदावर कशी मांडतं आणि त्यातलं काय गुणाला पात्र ठरतं, ते घरबसल्या कळत नाही म्हणून.

परीक्षेची घडण पाहिली की यात एवढं काय, ते लक्षात येईल. मे महिन्याच्या सुरुवातीला होणारा सव्वातीन तासांचा पेपर. पहिल्या ९० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न, त्याला निम्मं वजन. उरलेल्या १०५ मिनिटांत सात लेखी प्रश्न: तीन मोठे, प्रत्येकी १० गुणांचे, आणि चार छोटे, प्रत्येकी ४ गुणांचे. असे ४६ गुण, आणि उरलेलं निम्मं वजन त्यांचं. या लेखी भागात गणितं असतातच, पण "कारण द्या", "कणांच्या पातळीवर स्पष्ट करा", "विद्यार्थ्याचा हा दावा बरोबर आहे का" असले तुकडे पानोपानी असतात. हुशार मुलं गणितात सहसा मार खात नाहीत, ती या तुकड्यांत खातात. कॅल्क्युलेटर २०२३पासून दोन्ही भागांत चालतो, सूत्रांचं पान आणि आवर्तसारणी हातात मिळते, त्यामुळे पाठांतराचा आधार तसाही उरलेला नाही.

वर्कशॉपमधला सोन्याचा भाग म्हणजे खऱ्या मुलांची उत्तरं तपासणं. एपी परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड जुन्या लेखी प्रश्नांसोबत गुणदानाचे निकष आणि नमुना उत्तरं जाहीर करतं, ती तुम्ही आत्ताही घरी बसून वाचू शकता. मीही वाचली होती. पण एकट्याने वाचणं आणि वीस शिक्षकांच्या टेबलावर "याला गुण द्यायचा की नाही" यावर भांडणं यात फार फरक आहे. एक उदाहरण देते, परीक्षेतलं नाही, मीच माझ्या वर्गासाठी बनवलेलं. कार्बन टेट्राक्लोराइड सुमारे ७७ अंश सेल्सिअसला उकळतं, क्लोरोफॉर्म सुमारे ६१ला. क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे, टेट्राक्लोराइड नाही. मग जास्त तापमानाला टेट्राक्लोराइड कसं उकळतं?

आता तीन उत्तरं पाहा. पहिली मुलगी लिहिते, "कार्बन टेट्राक्लोराइडचं वस्तुमान जास्त म्हणून." दुसरा लिहितो, "कार्बन-क्लोरीनचे चार बंध आहेत, ते तोडायला जास्त ऊर्जा लागते." तिसरी लिहिते, "त्यात इलेक्ट्रॉन जास्त आहेत, त्यांचा ढग सहज विस्कटतो, म्हणून रेणू-रेणूंमधली लंडन बलं जास्त प्रभावी आहेत, इतकी की क्लोरोफॉर्मच्या द्विध्रुवी आकर्षणालाही भारी पडतात." तिसऱ्या उत्तराला पूर्ण गुण, ते कुणीही सांगेल. पहिल्याचं काय? आपल्यापैकी बहुतेकांचा हात उदार होऊन अर्धा गुण देतो. पण इथे अर्धा गुण नसतोच, आणि वस्तुमान हे कारणही नाही. वस्तुमान आणि इलेक्ट्रॉनांची संख्या बरोबरीने वाढतात एवढंच. दुसरं उत्तर सगळ्यात घातक. ते वाचायला व्यवस्थित वाटतं, पण त्या मुलाला वाटतंय की द्रव उकळताना रेणू फुटतो. ही समजूत डिसेंबरात सापडली नाही तर मे महिन्यात सापडून उपयोग नाही.

रेणूंमधल्या बलांचा हा सगळा भाग तिसऱ्या युनिटमधला. एकूण नऊ युनिटांपैकी बहुतेकांचं बहुपर्यायी भागातलं वजन ७ ते ९ टक्के, आम्ल-आम्लारींचं ११ ते १५, आणि या तिसऱ्या युनिटचं एकट्याचं १८ ते २२. पहिल्या वर्षी मी ते दोन आठवड्यांत उरकलं होतं, कारण मला ते सोपं वाटत होतं.

लॅबचा भागही चुकवू नका, आणि तिथे शिक्षक म्हणून उभे राहू नका, विद्यार्थी म्हणून बसा. या कोर्सला शिकवण्याच्या वेळेतला किमान २५ टक्के वेळ लॅबला द्यावा लागतो, कमीत कमी १६ प्रयोग, आणि त्यातले सहा तरी असे की कृती मुलांनी स्वतः ठरवायची. हा शेवटचा प्रकार आपल्यासारख्यांना जड जातो. आम्हाला क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगद्रव्याचा रंग सोडियम हायड्रॉक्साइडने जाण्याचा वेग मोजायचा होता. कागदावर कृती नव्हती, एकच प्रश्न होता: रंगाच्या संहतीच्या दृष्टीने ही अभिक्रिया कितव्या कोटीची? माझी जोडीदारीण आणि मी पहिली वीस मिनिटं तरंगलांबी कोणती घ्यायची यावरच घालवली. मग आलेख. शोषकतेचा लॉगरिदम काळाच्या समोर मांडला की सरळ रेष यायला हवी, पहिली कोटी. आमची रेष छान सरळ निघाली आणि शेवटी वाकली. क्रिस्टल व्हायोलेट प्लॅस्टिकच्या क्युव्हेटला (द्रावण यंत्रात ठेवायच्या छोट्या नळीला) चिकटतो, भिंतीवर जांभळी छटा राहते, आणि द्रावण जवळजवळ रंगहीन झालं तरी यंत्राला ती छटा दिसतच राहते. आम्ही ती शेवटची आकडेवारी गाळायला निघालो होतो. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही फेकू नका, हाच उद्याचा धडा आहे."

दुसऱ्या दिवशी त्या आकडेवारीवरूनच बाईंनी प्रश्न काढला. वेगळ्या एका प्रयोगात विद्यार्थ्याने क्युव्हेट द्रावणाने न विसळता नुसत्या पाण्याने विसळली आणि आत थेंब राहिले, तर मोजलेली संहती खऱ्यापेक्षा जास्त येईल की कमी? कमी, कारण द्रावण पातळ झालं, शोषकता घटली. उत्तर एका ओळीचं आहे, पण ज्याने हातात ओली क्युव्हेट धरलेली नाही तो ती ओळ पाठ करतो आणि ब्युरेटचा प्रश्न आला की उलटी लिहितो. आपल्या शाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर (शोषकता मोजणारं यंत्र) नसेल तर काय, हेही तिथेच विचारा. टेबलावरच्या कुणी ना कुणी फोनच्या कॅमेऱ्यावर किंवा रंगांच्या तक्त्यावर ते भागवलेलं असतं.

सुरक्षेची चर्चा बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात आटोपतात. माझ्या मते ती अर्धा दिवस चालावी. निरनिराळ्या क्षारांवर मेथॅनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याचा तो "इंद्रधनुष्य" प्रयोग तुम्हीही कधी ना कधी पाहिला असेल. त्यात मुलं भाजल्याच्या घटना घडल्या आणि अमेरिकन केमिकल सोसायटीच्या समितीने २०१४ साली तो उघड्या टेबलावर ज्वालाग्राही द्रावक वापरून करू नका, असा इशारा दिला. लाकडी काड्या क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवून ज्योतीत धरल्या की तेच रंग दिसतात. तरीही दर वर्षी कुणीतरी "मी तर सांभाळून करतो" म्हणणारा भेटतोच.

कंटाळा येणाऱ्या गोष्टीही सांगून ठेवते. पहिल्या दिवसाची सकाळ कोर्सचं जाडजूड वर्णनपत्रक उलगडण्यात, एपी क्लासरूमच्या संकेतस्थळावर बटणं दाबण्यात आणि कोर्स ऑडिटमध्ये जाते. ऑडिट म्हणजे तुमचा अभ्यासक्रम मंजूर करून घेणं. ते केल्याशिवाय शाळेला विषयापुढे "एपी" लावता येत नाही, त्यामुळे करावं तर लागतंच. तयार नमुन्यांपैकी एक उचला आणि मोकळे व्हा. त्यावर स्वतःचा अभ्यासक्रम नव्याने लिहीत बसलेले लोक मी पाहिलेत. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे सुंदर कागद असतो आणि पहिल्या आठवड्याचे प्रयोग तयार नसतात.

वेळापत्रकाचं सत्र मात्र झोपेत काढू नका. परीक्षा सगळ्या देशात एकाच सुमाराला, पण शाळा नाहीत. दक्षिणेकडच्या कित्येक शाळा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उघडतात, ईशान्येकडच्या बऱ्याच लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यावर. म्हणजे तुमच्याकडे तीन-चार आठवडे कमीसुद्धा असू शकतात. कन्सल्टंट जॉर्जियाचे असतील आणि तुम्ही न्यू जर्सीत शिकवत असाल तर त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं घेऊ नका. माझ्या पहिल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीला इलेक्ट्रोकेमिस्ट्री उरली होती आणि मी ती तीन दिवसांत मुलांच्या डोक्यावर ओतली. त्या वर्षीच्या पोरांची अजून माफी मागावीशी वाटते.

आता निवड. बहुतेक जण गावावरून किंवा विद्यापीठाच्या नावावरून वर्कशॉप निवडतात. तसं करू नका, माणूस पाहून निवडा. ही सत्रं घेणारे कन्सल्टंट बहुधा स्वतः एपी शिकवणारे शिक्षक असतात, आणि त्यांच्यातल्या काहींनी जूनमधल्या एपी रीडिंगला उत्तरपत्रिका तपासलेल्या असतात. रीडिंगला देशभरातले हायस्कूल आणि कॉलेजचे शिक्षक एकत्र येऊन लेखी उत्तरं तपासतात, आणि एकच प्रश्न दिवसेंदिवस, हजारो वेळा. असा माणूस मिळाला तर सोडू नका. आयोजकांना ईमेल करून सरळ विचारा: कोण शिकवणार आहे, किती वर्षं रीडिंग केलंय, लॅब किती तास असेल. ज्यांना उत्तर द्यायला जड जातं ते ठिकाण गाळा. मी एकदा असं न विचारता गेले आणि चार दिवस एका गृहस्थांच्या स्लाइडा पाहिल्या. लॅबला कुलूप होतं. त्या खोलीत शिकलेली एकमेव गोष्ट म्हणजे जूनमध्येही स्वेटर न्यायचा, वातानुकूलन फार थंड असतं.

नव्या शिक्षकांसाठी वेगळी तुकडी असेल तर तीच घ्या, चार वर्षांचा अनुभव असला तरी. अनुभवी तुकडीत लोक एकमेकांना ओळखतात, गप्पा संक्षेपांत चालतात आणि नवखा माणूस विचारायला लाजतो.

समर इन्स्टिट्यूट किमान ३० तासांची असते, बहुधा चार पूर्ण दिवसांत. फी ठिकाणानुसार काही शे डॉलरपासून हजाराच्या आसपास किंवा पुढेही जाते, राहणं-खाणं वेगळं. तुमचं डिस्ट्रिक्ट भरतंय, मग प्रश्नच मिटला. फक्त ते ३० तास तुमच्या लायसन्सच्या नूतनीकरणात धरले जातील ना आणि जादा पैसे भरून त्याच कामावर ग्रॅज्युएट क्रेडिट मिळतं का, एवढं विचारून घ्या. काही डिस्ट्रिक्टांत त्या क्रेडिटने पगाराची पायरी सरकते. ज्यांचं डिस्ट्रिक्ट हात वर करतं त्यांच्यासाठी कॉलेज बोर्डाच्या शिष्यवृत्त्या असतात, पण त्यांचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. मे महिन्यात जाग आली तर उशीर झालेला असतो.

ऑनलाइन की प्रत्यक्ष? पहिल्यांदा जाताय तर प्रत्यक्ष. ऑनलाइनमध्ये तपासणीचं सत्र बरं होतं, लॅबचं होत नाही.

एक फाटा सांगायलाच हवा. तुमच्या शाळेत पुढेमागे एपीऐवजी ड्युअल एनरोलमेंट आली, म्हणजे जवळच्या कॉलेजचाच कोर्स तुम्ही शाळेत शिकवायचा आणि क्रेडिटही त्याच कॉलेजचं, तर प्रशिक्षण ते कॉलेजच देतं आणि त्यांचे प्राध्यापक येऊन वर्ग पाहतात. सिराक्यूज विद्यापीठ हे १९७०च्या दशकापासून करत आलंय. तिथे तुमचं एम.एस्सी. खरोखर कामाला येईल, कारण बऱ्याच ठिकाणी त्या विषयातली ठरावीक ग्रॅज्युएट क्रेडिटं असल्याशिवाय वर्ग देतच नाहीत. एपीसाठी कॉलेज बोर्डाची अशी अट नाही. इतकंच काय, समर इन्स्टिट्यूटसुद्धा त्यांनी सक्तीची केलेली नाही. सक्ती असलीच तर राज्याची किंवा डिस्ट्रिक्टची.

त्या चार दिवसांनंतर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी गरज ऑक्टोबरमध्ये लागते. अमेरिकन असोसिएशन ऑफ केमिस्ट्री टीचर्स ही केमिकल सोसायटीने २०१४ साली सुरू केलेली संघटना आहे. त्यांच्या वेबिनारांतून मी समतोलाचं युनिट जवळजवळ पूर्ण उचललं. वेळ असेल तर मॉडेलिंगची (कणांची चित्रं, प्रतिरूपं काढून शिकवण्याच्या पद्धतीची) कार्यशाळा करा. ती लांबलचक असते, दोन-तीन आठवड्यांचीही, आणि तिथे पांढऱ्या फळ्यांवर कणांची चित्रं काढून काढून हात दुखतात. पण परीक्षेत कणांचं चित्र आलं की मुलं गांगरत नाहीत. पहिल्याच उन्हाळ्यात दोन्ही करू नका, घरचे बोलायचे बंद होतील. आणि तीन वर्षं एपी शिकवून झाली की रीडिंगसाठी अर्ज टाका. तिथे पैसे तुम्हाला मिळतात, आणि मला विचाराल तर कुठल्याही वर्कशॉपपेक्षा शिकायलाही जास्त मिळतं.

जाताना तुमच्या साध्या केमिस्ट्रीच्या मुलांची आठ-दहा लेखी उत्तरं घेऊन जा, नावं झाकून. गोंधळलेली, अर्धवट, तुम्हाला गुण द्यावा की नाही ते न कळलेली. दुपारच्या जेवणात ती टेबलावर ठेवा. सँडविच बाजूला सारून लोक त्यावर तुटून पडतील.

माझा तो शून्य मिळालेला कागद अजून माझ्याकडे आहे. दर ऑगस्टमध्ये त्यावरचं नाव झाकून मी तो वर्गात वाटते आणि गुण द्यायला सांगते. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळे पूर्ण गुण देतात. तोच कागद मार्चमध्ये पुन्हा वाटते, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "मिस, हे नक्की कुणी लिहिलंय?"